हात बसायचा राहिला

तृप्ती उके मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाली, तेव्हा तिचे वडील केशवराव तिला सोडायला गेले होते. तिला बाळंतपण आणि स्त्रीरोगाचा विभाग मिळाला होता. शिक्षण तीन वर्षांचं होतं, पण शाळेसारखं बाकावर बसून नव्हे, काम करता करता शिकायचं. केशवरावांना ही गोष्ट फार पटली होती. चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करून ते निवृत्त झाले होते. जे हाताला येत नाही ते माणसाला येत नाही, असं त्यांचं मत होतं.

वॉर्डाच्या दारात तृप्तीची सीनियर भेटली. ती तृप्तीहून दोन वर्षं पुढे होती आणि यापुढे तृप्तीला तिच्याच हाताखाली राहायचं होतं. केशवरावांनी हातातली पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, पोरगी कामाले मागं हटत नाही. सांगाल ते करते. काही पाहू नका, जुंपा."

खाणीत असंच बोलायची रीत होती. बाप मुलाला पहिल्यांदा खाली घेऊन जायचा, टोळीच्या मेटसमोर, म्हणजे मुकादमासमोर, उभा करायचा आणि एवढंच बोलायचा. त्यात मेटवर एक जबाबदारी आपोआप पडायची. ज्याला जुंपलं त्याला शिकवायचंही. ती कोणी बोलून दाखवत नसे, कारण ती सगळ्यांना ठाऊक असायची.

सीनियर हसली, बरं म्हणाली आणि आत गेली. केशवराव निश्चिंत मनाने बसस्टँडवर आले.

ते स्वतः खाणीत लागले तेव्हा टब ढकलायला होते. दगड भरलेला लोखंडी डबा रुळावरून ढकलत न्यायचा, रिकामा करून आणायचा. पाठ, मांड्या, तळवे, सगळं सोलून निघायचं. ज्याला खाणीतला कारागीर म्हणतात तो वेगळा. तो वरच्या दगडावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, ठोकून आवाज ऐकतो, दगड धरून आहे की सुटला आहे ते सांगतो आणि सुटला असेल तिथे लाकडाचे टेकू लावतो. हे काम गोमाजी नावाचा म्हातारा कारागीर करायचा. केशवरावांनी बरीच वर्षं टब ढकलले, आणि एक दिवस गोमाजीने त्यांना हाक मारून सब्बल हातात दिली. ठोक म्हणाला. त्यानंतर केशवराव टबाकडे परत गेले नाहीत.

यातून त्यांनी आयुष्यभराचा एक हिशेब मांडला होता. अंग मोडून काम करावं, तक्रार करू नये, बघणारा बघत असतो.

तृप्ती पहिल्यांदा सुट्टीवर आली ती दिवसभर झोपली. उठल्यावर आईजवळ चुलीपाशी बसली आणि सांगू लागली. वॉर्डातलं सगळं रक्त तीच काढते. सलाईन तीच लावते, लघवीच्या नळ्या तीच घालते, ड्रेसिंग तीच करते, रक्तपेढीत तीच धावते. तिच्याबरोबरच्या मुली सीनियरसोबत हात धुऊन ऑपरेशनच्या टेबलावर उभ्या राहतात, टाके घालतात. हिला मात्र सांगतात, तू वॉर्ड सांभाळ.

केशवराव ओसरीवरून ऐकत होते. त्यांना बरंच वाटलं. त्यांनी आत येऊन टबाची गोष्ट सांगितली, गोमाजीची सांगितली. पहिलं वर्ष टबाचंच असतं म्हणाले.

"बाबा, त्यायचं पयलं वर्ष नाही होय काय मंग?" तृप्ती म्हणाली.

"दुसऱ्याच्या टबाकडं पाहाचं नाही. आपला ढकलाचा. तुही पाळी येईन."

मंगलाबाई, तृप्तीची आई, भाकरी उलटत होती. ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमची खाण बंद करा जरा. पोरगी काय बोलून राहिली ते आयका."

पण केशवरावांना मुलीचं बोलणं ऐकल्यासारखं वाटत होतं. खरंतर त्यांना आपलंच आठवत होतं. तृप्तीने ताट ओढून घेतलं आणि ती जेवू लागली. परत जाताना तिने बापाच्या पाया पडून, करते मी, एवढंच सांगितलं. आणि तिने केलं.

तिने काय केलं आणि काय सोसलं ते घरी फार उशिरा कळलं. रुजू झाली त्याच दिवशी तिला विचारलं होतं, प्रवेश परीक्षेत रँक कितवी? शहरातल्या त्या दवाखान्यात कोणी कोणाला जात विचारत नसे. रँक विचारत. ती सांगितली की पुढचं विचारावं लागत नसे. तृप्तीने खरी सांगितली. त्या दिवसापासून तिच्या युनिटमध्ये तिला नावाने हाक मारणारं जवळपास कोणी उरलं नाही. ती समोर नसली की तिला कोट्यावाली म्हणत, आणि काही दिवसांनी समोर असतानाही म्हणू लागले.

एखादी जखम चिघळली की पहिला प्रश्न यायचा, ड्रेसिंग कोणी केलं? ड्रेसिंग सगळी तृप्तीच करायची, त्यामुळे उत्तर एकच असायचं. मग पेशंटसमोर तिला सुनावलं जायचं. बऱ्या झालेल्या जखमा कोणी केल्या हे कोणी विचारत नसे. जेवणाच्या टेबलावर ती बसली की बाकीच्यांचं जेवण उरकायचं. तीही मग उभ्यानेच खाऊन वॉर्डात जायची.

यापैकी काही तिने फोनवर सांगितलं नाही. फोनवर बाप विचारायचा, काम करून राहिली ना? ती हो म्हणायची. ते खरं होतं.

दुसरं वर्ष गेलं. तिच्या हाताखाली नव्या मुली आल्या. त्याही टेबलावर उभ्या राहू लागल्या आणि तृप्ती त्यांच्या पेशंटचं रक्त घेऊन रक्तपेढीत जाऊ लागली. मंगलाबाईंनी दोनदा नवऱ्याला सांगितलं की पोरीचा आवाज बरा नाही, जाऊन या. केशवराव म्हणायचे, थकली असंन. थकायलाच पाहिजे.

तिसऱ्या वर्षी चौदा एप्रिललाही तृप्ती आली नाही. वस्तीतली जयंती तिने लहानपणापासून कधी चुकवली नव्हती. तेव्हा मंगलाबाईंनी लाखोळीची डाळ आणि तांदळाचे पापड बांधून नवऱ्याच्या हातात दिले आणि बसची वेळ सांगितली. विचारलं काही नाही.

केशवराव सकाळी दवाखान्यात पोचले. तृप्ती कामात होती. थांबा म्हणाली आणि निघून गेली. ऑपरेशन थिएटरच्या समोर लोकांसाठी बाक होता, तिथे ते बसले. त्यांना बसून राहायची सवय नव्हती, पण काम बघायची सवय होती. कोणतीही टोळी काम करताना दिसली की कोण कारागीर, कोण शिकाऊ, कोण हमाल, हे त्यांना बघून कळत असे. तेच त्यांनी इथे बघितलं.

दाराने मुली आत जात होत्या. वयाने तृप्तीहून लहान दिसत होत्या. हात कोपरापर्यंत धुतलेले, वर धरलेले. बाहेर येताना थकलेल्या, पण चेहऱ्यावर काहीतरी केल्याचा भाव. एकजण दुसरीला बोटांनी हवेत गाठ मारून दाखवत होती. तृप्ती त्याच दारापाशी येत होती, रक्ताची पिशवी आत देत होती, नमुन्याच्या बाटल्या घेत होती आणि जिन्याने खाली जात होती. पुन्हा येत होती. दार तिच्यासाठी हातभर उघडायचं आणि मिटायचं. एका शिकाऊ मुलीने तिला बाटली देताना तिच्याकडे पाहिलंही नाही.

केशवरावांनी पापडांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. तीन वर्षांच्या शिकवणीत तिसऱ्या वर्षीही टबच ढकलायला लावत नाहीत, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी एक मुलगी त्यांच्यापाशी येऊन थांबली. बाकावरच्या शेजाऱ्याशी ते बोलत होते, ती बोली तिने ओळखली होती. ती मेघा, साकोली तालुक्यातल्या एकोडीची, धानशेतीवाल्या घरातली. तृप्तीच्याच बरोबर रुजू झालेली. एका जिल्ह्याच्या म्हणून दोघी कधीमधी एकमेकींशी बोलत. मेघाने त्यांना बाहेर टपरीवर नेलं, चहा सांगितला आणि इकडचं तिकडचं विचारत राहिली.

केशवराव म्हणाले, "पोरी, तू टेबलावर उभी राहातं?"

"राहाते, काका."

"तृप्ती?"

मेघाने चहाचा ग्लास फिरवला. "तिले घेतच नाही. राग नका मानू. एखाद्या वेळी घेते, तर कोपऱ्यात उभी करते."

"काहून?"

"तुमाले माहीत आहे, काका."

"मले माहीत आहे. तुह्या तोंडून आयकाचं आहे."

"जात पाहाते," मेघा म्हणाली. मग म्हणाली, "मी बी राखीव जागेवरूनच आली. कुणब्याची होय. पण मी एकोडीच्या पाटलाची म्हणून सांगतलं, त्यायनं पुढं विचारलं नाही. मी बी बोलली नाही."

केशवराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांना तिचा राग यायला हवा होता, तो आला नाही. ती निदान बोलत होती.

"आणखी एक आहे," मेघा म्हणाली. "ती कधी म्हणाली ना, मले बी आत घ्या, का सीनियर तुमचं नाव घ्याची. तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं, काही पाहू नका, जुंपा. सगळे हासत. ती सीनियर पास होऊन गेली, पण ते वाक्य राहिलं."

केशवरावांनी ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

संध्याकाळच्या बसआधी तृप्ती भेटली. ते म्हणाले, मोठ्या मॅडमकडे जातो, बोलतो. युनिटच्या प्रमुख मॅडम आतच होत्या. तृप्ती नको म्हणाली. प्रबंधावर त्यांची सही लागते, परीक्षेला त्यांचा शब्द लागतो. तक्रारीची समिती आहे, तिच्यावर त्यांच्याच मैत्रिणी आहेत. हे सगळं तिने उभ्या उभ्या, शिळी बातमी सांगावी तसं सांगितलं.

"मले काहून नाही सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"सांगतलं होतं, बाबा. पयल्याच वर्षी."

एवढंच बोलणं झालं. तिला वॉर्डातून हाक आली.

परतीच्या बसमध्ये त्यांना हिरालाल आठवला. हिरालाल आणि ते एकाच महिन्यात खाणीत लागले होते. हिरालाल ताकदीने त्यांच्याहून भारी होता, खाडा करत नसे, दारूला शिवत नसे. तरी तो निवृत्त होईपर्यंत टबच ढकलत राहिला. केशवरावांनी इतकी वर्षं मनाशी धरलं होतं की हिरालालमध्ये काहीतरी कमी असणार. आता बसच्या खिडकीला डोकं टेकून त्यांनी नीट आठवून पाहिलं, तर कमी काहीच आठवेना. गोमाजी आणि केशवरावांचे वडील एकाच टोल्यावर, एकाच वस्तीत वाढलेले, एका पंगतीत जेवलेले. हिरालालचा बाप बालाघाटकडून आलेला, त्याला इथे ओळखणारं कोणी नव्हतं. सब्बल कष्टाने मिळत नाही. ती कोणीतरी हातात द्यावी लागते, आणि देणारा आधी तोंड बघतो.

घरी आल्यावर मंगलाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी पाहिलं तेवढं सांगितलं. आपलं वाक्य सांगितलं नाही.

शेवटच्या काही महिन्यांत तृप्तीने स्वतः मॅडमना गाठलं. मॅडम गोड बोलल्या. तुझ्याशिवाय वॉर्ड चालत नाही, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुझ्या हातून काही झालं तर युनिट अडचणीत येईल, बाहेर गेल्यावर शिकशीलच. तरीही काही साधी सिझर तिला मिळाली. त्यातल्या निम्म्यांत पोट उघडल्यावर टेबलापलीकडे उभी असलेली डॉक्टर तिच्या हातातून चिमटा काढून घ्यायची. उशीर होतोय म्हणायची.

परीक्षा ती पास झाली. पुस्तक तिला सगळ्यांहून चांगलं येत होतं. वस्तीतल्या बुद्ध विहारात तिचा सत्कार झाला. केशवरावांना पुढे बोलावलं, ते मागेच बसून राहिले. लोकांना वाटलं, माणूस साधा आहे.

बंधपत्राची नोकरी तिला आपल्याच जिल्ह्यात मिळाली, साकोलीच्या बाजूला, महामार्गावरच्या एका सरकारी दवाखान्यात. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मंगलाबाई कधी, केशवराव कधी, असे आळीपाळीने तिच्याकडे येऊन राहू लागले. तिथे एक वयस्क सर्जन होते. ते तिला टेबलावर घेत, समोर उभं करत, कर म्हणत. साधी सिझर ती एकटीने करू लागली. तिच्या चालण्यात फरक पडला. केशवरावांना वाटलं, आता मिळालं. पण तीन वर्षांचं राहिलेलं काही महिन्यांत भरून येत नाही. सगळ्यात अवघड सिझर ते आधी सिझर झालेल्या बाईचं. आत सगळं जुन्या जखमेला चिकटलेलं असतं, कापायचं काय आणि सोडवायचं काय हे बोटांना कळावं लागतं. तसं एकही पोट तिने स्वतःच्या हाताने उघडलं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात अशी पोटं रोज उघडली जात, आणि तेव्हा ती रक्तपेढीच्या रांगेत असे.

मेघा भंडाऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात लागली होती. तिचा फोन आला. तिची वहिनी सत्यवती दुसऱ्यांदा गरोदर होती, पहिलं सिझर होतं. एकोडीहून तृप्तीचा दवाखाना जवळ, तपासणीला तिच्याकडे पाठवते म्हणाली. तृप्तीइतकं नीट बघणारं दुसरं कोणी नाही, असंही म्हणाली.

तृप्तीने नीट बघितलं. दर वेळी तिने सत्यवतीला आणि तिच्या नवऱ्याला, धर्मेंद्रला, बजावून सांगितलं की कळांची वाट बघायची नाही. तारखेच्या आधीच भंडाऱ्याला मेघाकडे जाऊन राहा. धर्मेंद्र हो म्हणाला. पण दिवस धान कापणीचे आले. मजूर मिळेनात, वर आभाळ आलेलं. उद्या नेतो, परवा नेतो, असं झालं, आणि कळा शेतातच सुरू झाल्या.

त्या दिवशी वयस्क सर्जन रजेवर होते. केशवराव तृप्तीचा डबा घेऊन दवाखान्यात आले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं आणि सत्यवतीला नुकतंच आत नेलं होतं. भूल देणारे डॉक्टर गावातून मोटरसायकलवर आले, पळतच आत गेले. नर्स आत गेली. तृप्ती टोपी बांधून आत गेली. धर्मेंद्र भिंतीला टेकून उभा होता, पायाला अजून धानाच्या बांधीतला चिखल होता. केशवराव डबा घेऊन बाकावर बसले.

सगळं होतं. टेबल होतं, भूल होती, रक्ताची पिशवी होती.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि तृप्ती बाहेर आली. केशवरावांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. हातमोजे कोरडे होते, पोट उघडलंच नव्हतं. तिचा चेहरा पाहायची त्यांना मग गरज वाटली नाही.

ती धर्मेंद्रला म्हणाली, "भंडाऱ्याले न्यावं लागंन. गाडी बोलावली आहे. मेघाले फोन केला, ती तयार आहे. मी सोबत येते."

"एवढ्या दूर? इथंच करा ना, मॅडम."

"जुनं पोट आहे. आत चिकटलेलं असते. एकटीच्यानं होणार नाही."

"तुमी डॉक्टर होय ना?"

"होय."

"मंग करा ना."

तृप्ती म्हणाली, "मले हे येत नाही."

बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. नर्स दारात थबकली. धर्मेंद्रला ते बोलणं कळलंच नसावं, कारण डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य तिथे कोणी कधी ऐकलं नव्हतं.

केशवरावांना कळलं. आवाज न ओळखता टेकू लावणारा माणूस अख्ख्या टोळीवर दगड आणतो. येत नसेल तर हात लावायचा नाही, हे त्यांनीच तिला शाळेत असल्यापासून सांगितलं होतं. ती बरोबर वागत होती. बरोबर वागूनही समोरची बाई जाणार की राहणार हे मात्र त्याने ठरणार नव्हतं.

गाडी आली. सत्यवतीला घेऊन, तृप्तीला घेऊन, महामार्गाने निघून गेली. डबा केशवरावांच्या मांडीवर राहिला.

कारध्याच्या पुलावर सत्यवतीच्या कळा एकदम थांबल्या. तृप्तीला त्याचा अर्थ माहीत होता. गर्भाशय जुन्या जखमेवर फाटलं होतं. नदी ओलांडून भंडाऱ्याला पोचेपर्यंत तिने सत्यवतीचा हात धरून ठेवला, दोन्ही हातांना सलाईन चालू ठेवलं. ते तिला येत होतं. मेघाने आपल्या वहिनीचं पोट उघडलं. मूल गेलेलं होतं. सत्यवती वाचली, गर्भाशय काढून टाकावं लागलं.

हे सगळं तृप्तीने दुसऱ्या दिवशी क्वार्टरवर येऊन सांगितलं. रडली नाही. सांगून झाल्यावर आंघोळीला गेली आणि ओपीडीला जाऊन बसली.

एकोडीहून माणसं आली. दवाखान्याच्या आवारात बोलली, तालुक्याला अर्ज देतो म्हणाली. केशवराव पानटपरीजवळ उभे होते, त्यांना तिथे कोणी ओळखत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "कोट्यातून आलेली होय. तिले काहीच येत नाही, तिनंच सांगतलं तोंडानं." दुसरा म्हणाला की अशांच्या हाती बायकांचे जीव देतात. केशवरावांच्या तोंडाशी शब्द आले होते. पण येत नव्हतं हे खरं होतं. का येत नव्हतं, हे त्या गर्दीत सांगायला बरीच वर्षं मागे जावं लागलं असतं, आणि तिथे कोणी थांबून ऐकणारं नव्हतं. ते सरळ क्वार्टरवर आले.

चौकशी झाली. तिच्यावर ठपका आला नाही. वेळेत पाठवलं, सोबत गेली, असं तिच्या बाजूने लिहिलं गेलं. तिला त्याने काही वाटल्याचं दिसलं नाही.

मेघा एका रविवारी आली. तिचा चेहरा उतरला होता. घरी तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. त्या पोरीकडे तूच पाठवलं, असं भाऊ म्हणाला होता. केशवरावांनी तिला पाणी दिलं आणि ते बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. खोली लहान होती, बोलणं ऐकू येत होतं.

मेघा म्हणाली, "तू उघडाचं होतं. मी फोनवर सांगतलं असतं, इथं काप, इथं सोडव."

"फोनवर हात बसते काय?"

"मूल वाचलं असतं कदाचित."

"कदाचित," तृप्ती म्हणाली. "आणि कदाचित तुही वहिनी माह्या टेबलावर गेली असती."

मग मेघा म्हणाली, "तवा मी बोलली असती तर."

"तर तुले बी बाहेर काढलं असतं. मंग वहिनीले वाचवाले कोण होतं?" तृप्तीचा आवाज मऊ नव्हता. हिशेब सांगावा तशी ती बोलत होती. "ते सोड. मले एक पाहिजे. तुह्याकडं जुन्या सिझरच्या बाया येते. त्या दिवशी मले बोलाव. मी हात धुऊन समोर उभी राहीन. आधी पाहीन, मंग करीन. तू समोर राह्य."

"तू एमएस होय, तृप्ती. शिकाऊ म्हणून उभी राहाशीन? नर्सेसपुढं?"

"राहीन."

मेघाने मालक डॉक्टरांना विचारून सांगते म्हटलं. विचारलं, आणि ते हो म्हणाले.

तेव्हापासून सुट्टीचा दिवस तृप्ती भंडाऱ्याला काढू लागली. सकाळच्या बसने जायची, संध्याकाळी यायची. कधी दिवसभर बसून एकही केस नसायची. कधी केस असायची आणि पेशंटचे नातेवाईक विचारायचे, ही दुसरी कोण? मेघा सांगायची, डॉक्टर आहे. हळूहळू चिमटा तृप्तीच्या हातात आला, मग पातं आलं. मेघा समोर उभी राहायची आणि हात छातीशी धरून ठेवायची. हात मधे घातला तर चिमटा आपणच काढून घेऊ, अशी तिला स्वतःचीच भीती होती.

केशवराव या दिवसांत क्वार्टरवरच राहिले. स्वयंपाक त्यांना येत नव्हता, तो ते शिकले. पहिले काही दिवस भात करपला. तृप्ती येईपर्यंत ते जेवत नसत. आज केस होती काय, एवढंच विचारत. ती हो किंवा नाही म्हणत असे.

पावसाळा जाऊन पुन्हा धान कापणीचे दिवस आले. एका संध्याकाळी ती भंडाऱ्याहून आली, पाय धुतले, ताटावर बसली आणि न विचारता बोलू लागली. पंचविशीतली बाई होती. दोनदा पोट उघडलेलं. मूत्राशय वरपर्यंत ओढलं गेलेलं. ते बोटाने, थोडं थोडं करून, खाली सोडवलं. कुठे फाटलं नाही. मूल लगेच रडलं. मेघा आत नव्हतीच, ती दुसऱ्या टेबलावर होती. उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती ताटाच्या कडेवर ते सोडवणं करून दाखवत होती, आणि केशवराव तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं थांबत होती, चाचपत होती, मग पुढे जात होती. असा हात त्यांना ओळखता येत असे.

"आता येते," ते म्हणाले.

"येते."

तिने भात मागून घेतला. त्यांनी वाढला. दोघंही सत्यवतीचं नाव काढणार नव्हते, आणि जेवण संपेपर्यंत त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी केशवराव डबा घेऊन दवाखान्यात गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. ओपीडीत बायका होत्या, साकोलीच्या होत्या, आसपासच्या गावांच्या होत्या. एकोडीची एकही नव्हती. वर्षभरात तिकडून कोणी आलं नव्हतं. महामार्गावरून एक ऑटो गेला. आत एक पोटुशी बाई सासूच्या खांद्याला टेकून बसली होती. तो दवाखान्याच्या फाटकापाशी जरासा हळू झाला, आणि मग तसाच भंडाऱ्याच्या दिशेने पुढे निघून गेला.